सात वाजताचं प्लस

कलिंगडाची रोपं थांबत नाहीत. सरकार थांबतं, माणसं थांबतात, पण पेल्यातल्या रोपाला पस्तीस दिवस झाले की मुळं बुडातून बाहेर यायला लागतात. मग जमीन द्या, नाहीतर जळताना बघा.

आमच्याकडे अकराशे पेले होते. खिडक्यांत, टेबलावर, माझ्या खाटेच्या उशाशी, आणि बाकी सगळे परसात, बाबांनी उभारलेल्या प्लास्टिकच्या मांडवात. जमीनही होती. तळ्यापलीकडे दोन हेक्टर, चांगली काळी. पण तिच्याभोवती लाल फीत आणि कवटीच्या पाट्या. बाबा दोन वर्षं रोज संध्याकाळी तळ्याच्या अलीकडून ती बघून यायचे. दवाखान्यातल्या माणसाला काचेतून बघावं तसं. आत जायचं नाही, हात लावायचा नाही.

सुरुंग काढणारी माणसं यादीनं येतात. आम्ही त्यांना नुसतं सुरुंगवाले म्हणतो. यादी गावाच्या ग्रुपवर होती. आमचं शेत तिसरं. येत्या सोमवारी सुरू, दहा-बारा दिवसांत मोकळं. बाबांनी हिशोब केला होता, रोपं जेमतेम तग धरतील. त्यांनी नांगराचा फाळ घासून असा लखलखीत केला होता की आई म्हणाली, "जाखार, आता त्यात बघून दाढी कर."

आता ग्रुपचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

समोरच्या टेकडीवर आठ महिने रशियन होते. आम्ही तळघरात. फोनचा टॉवर जनरेटरवर सकाळी तासभर चालायचा, सात ते आठ. तेव्हा आमच्या सरपंच नीना सेमेनिव्ना (आधी त्या पोस्टात होत्या, त्यामुळे शिस्त फार) बरोबर सातला एक शब्द टाकायच्या: "जिवंत?" आणि घरटी एक प्लस यायचं. बाकी काही लिहायचं नाही, बॅटरी जाते. आठपर्यंत ज्या घराचं प्लस आलं नाही तिथं सायकल घेऊन कुणीतरी जाऊन बघायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. मला पळता चांगलं यायचं एवढीच माझी लायकी.

मायनस कुणी टाकत नाही. एकदाच आलं होतं. वार्वारा मावशीनं टाकलं, नवऱ्याचं. शब्द नाही काही, नुसती आडवी रेघ. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर ते चिन्हच बंद. कुणी ठरवलं नाही, झालं आपोआप. फोन नंबर लिहितानासुद्धा लोक मधली रेघ गाळतात. थंडीत पारा उतरला की "पंधरा खाली" असं अक्षरांत लिहितात.

रशियन गेले, टॉवर दिवसभर चालायला लागला, तरी सातचा मेसेज चालूच राहिला. गावात आता चाळीसेक घरांत धूर निघतो. बाकीचे पोलंडात, जर्मनीत, ओदेसात. तेही तिथून प्लस टाकतात. सात ते सव्वासात फोन नुसता टुणटुणत असतो. आई म्हणते तिला आता कोंबड्याची गरज नाही.

त्या गुरुवारी मी मांडवात पाणी घालत होतो. बाबा फाळ बसवत होते. आई घरात पीठ मळत होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. सात वाजले, फोन वाजला, नीना सेमेनिव्नांचं नाव दिसलं. आईनं करंगळीनं प्लस दाबलं आणि परत पिठात हात घातले. चार सेकंदांचं काम.

मग फोन थांबेचना.

मी न्याहारीला आत आलो तर आई फोनकडे बघत उभी. "तिमिश, तू फोनात माझा वाढदिवस चुकीचा टाकलायस का रे?"

"का?"

"हे बघ की. लाल बदाम. साठ-सत्तर बदाम आलेत मला."

तेवढ्यात पोलंडमधून इन्नाचा फोन. ही आमच्या गल्लीच्या टोकाची, दोन पोरांची आई. हुंदके देत होती. "रायसा काकू, तुमच्यासारखं माणूस शोधून सापडणार नाही!"

"अगं त्यात काय एवढं," आई म्हणाली. "रोजच करते मी."

इन्ना आणखीनच रडली.

आईनं फोन ठेवला, गालाला पीठ लागलं होतं. खूश दिसत होती. "पोरगी एकटी पडलीय तिकडे," म्हणाली. "साध्या प्लसनंसुद्धा भरून येतं बिचारीला."

मी खरं सांगतो, मी पण वाचलं नाही. माझा फोन चार्जिंगला होता आणि मला भूक लागली होती. आठ वाजले तसा नीना सेमेनिव्नांचा आवाज आला, फोनवरून नाही, थेट कुंपणावरून. "तिमिश! फेदोसचं प्लस नाही. आणि यादीतल्या बाकी तिघांचंही नाही. जरा बघून ये बाबा!" आणि मग आईकडे बघून त्यांनी छातीवर हात ठेवला, मान लववली आणि गेल्या. नीना सेमेनिव्ना! ज्यांनी टपालाचं तिकीट वाकडं लावलं म्हणून माणसं परत पाठवलीत.

मी सायकल काढली. फेदोस काका म्हणजे बाबांचे कुम. माझ्या बाप्तिस्म्याला ते मला हातात घेऊन उभे राहिले, म्हणून दोघं एकमेकांना कुम म्हणतात आणि म्हणूनच एकमेकांना वाट्टेल ते बोलतात. दार बंद. पडदे ओढलेले. जुन्या सवयीनं आधी धूर निघतोय का ते बघितलं. मी खिडकी ठोकली.

पडदा दोन बोटं सरकला. "कोण?"

"काका! जिवंत आहात का?"

"हळू बोल गाढवा. जिवंत आहे."

"मग प्लस का नाही टाकलं?"

"म्हणजे? टाकू आणि शेत घालवू?" काकांनी खिडकी उघडली. आतल्या बनियनवर होते, हातात अर्धी मुळ्याची फोड. "मला काय वेड लागलंय? ते वाचल्यापासून फोनला हात लावला नाही. चुकून अंगठा पडायचा. उशीखाली ठेवलाय."

"कसलं शेत?"

काका माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, मग ते हसू आवरायचा प्रयत्न केला, मुळा घशात अडकला. खोकून झाल्यावर म्हणाले, "तिमिश. तुझ्या आईनं मेसेज वाचला होता ना?"

उशीखालचा फोन काढून त्यांनी दाखवला. हातात मात्र दिला नाही. मी वाचलं.

"मंडळी, सुरुंगवाल्यांशी बोलणं झालं. पंपघराजवळची पट्टी साफ झाली तर महिन्याभरात घरोघरी नळाला पाणी. पण त्यासाठी पहिल्या पाचांपैकी एकानं आपली पाळी सोडायला हवी. त्याचं शेत शेवटी जाईल, म्हणजे पुढच्या वर्षी. जबरदस्ती नाही. जो तयार असेल त्यानं प्लस टाका."

खाली चार सेकंदांत आईचं प्लस. आणि त्याच्याखाली बदामच बदाम. त्यांच्याही खाली, उशिरानं टाकलेलं रोजचं "जिवंत?" आणि यादीतले सोडून बाकी गावाची प्लसं.

"काळीज मोठं बघ तुझ्या आईचं," फेदोस काका म्हणाले. "आमची आपली छोटी."

परत येताना सायकल मी हातानंच ढकलली.

बाबा मांडवाच्या तोंडाशी होते. कुठल्या पेल्यातून मुळं आलीत ते एकेक उचलून बघत होते. मी सांगितलं. आधी त्यांना वाटलं फेदोस काकांनी थट्टा केली. मग मी माझा फोन आणून दाखवला. त्यांनी चष्मा नाकाच्या टोकावर घेतला, ओठ हलवत पूर्ण वाचलं, मग पालथी बादली ओढून तिच्यावर बसले. हातातला पेला मात्र सरळ धरला होता.

"रायसा," त्यांनी हाक मारली. मोठ्यानं नाही.

आई आली. वाचलं. पिठाचा हात तोंडावर गेला आणि तिथं मिशा उमटल्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही हसलो असतो.

"मला वाटलं 'जिवंत' म्हणताहेत," ती म्हणाली.

"जिवंत आहेस ते दिसतंय मला."

"जाखार, मी वाचलंच नाही रे."

"मग लिही त्यांना. मायनस लिही, विषय संपला."

आईनं रस्त्याकडे बघितलं. बाबांनाही बोलून झाल्यावर कळलं आपण काय बोललो. रस्त्यापलीकडे वार्वारा मावशी कोंबड्यांना दाणे टाकत होती, तिथून ऐकू आलं असतं.

"ते नाही लिहिणार मी," आई म्हणाली.

"मग शब्दांत लिही. चुकून झालं म्हण. नीना सेमेनिव्ना काय खाणार आहेत?"

"आणि पाणी? दोन वर्षं वार्वारा विहिरीवरून बादल्या ओढतेय, त्या कमरेनं. ती इन्ना पोरांना घेऊन परत येणार होती नळ आला की. आता लिहू, नका येऊ म्हणून?"

"आणि ही?" बाबांनी पेला पुढे केला. "हिला काय सांगू मी? पुढच्या वर्षी ये?"

आईनं पेला घेतला, परत त्यांच्या हातात ठेवला. ती आत गेली. बाबा बादलीवरून उठलेच नाहीत. बसल्या बसल्या त्यांनी रोपाचं एक पिवळं पान खुडलं, चुरगळलं, वास घेतला. मला काय करावं कळेना म्हणून मी पुन्हा पाणी घालायला लागलो. घातलेल्यालाच घातलं.

अर्ध्या तासानं आईनं मला बोलावलं. हात धुतले होते, डोक्याला चांगला रुमाल बांधला होता, जसा फोटोला बांधतात. "आवाज पाठवतात तो मेसेज कसा करायचा? मला लिहायला घेतलं की शब्द मरतात."

मी बटण दाबून धरलं. ती उभी राहून बोलली, शाळेत कविता म्हणतात तशी, हात बाजूला.

"मी रायसा बोलतेय. लोकहो, बदाम परत घ्या. मी मेसेज वाचला नव्हता. पीठ मळत होते, सातचं प्लस म्हणून टाकलं. माझं काळीज वगैरे काही मोठं नाही, मी नुसती बिनडोक आहे. पण आता टाकलंय तर टाकलंय. पंपघर होऊ दे. पाणी येऊ दे. फक्त एक आहे. माझ्याकडे अकराशे कलिंगडाची रोपं आहेत आणि नवरा बादलीवर बसलाय. कुणाला न्यायची असतील तर घेऊन जा, फुकट. टाकायला माझा हात होत नाही. संपलं. तिमिश, सोड ते बटण."

शेवटचं वाक्यसुद्धा गेलं.

ग्रुपवर काहीच आलं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला माहीत होतं दोनशे माणसं ऐकताहेत, कारण खाली आकडा चढत होता. आई खुर्चीत बसून रुमालाची गाठ सोडत होती, बांधत होती.

मग जर्मनीतून क्लावा आजीचा मेसेज आला. क्लावा आजी गावाच्या पार टोकाला राहायची. आता लेकीकडे होती, चौथ्या मजल्यावर. तिनं एवढ्या दिवसांत प्लसशिवाय ग्रुपवर कधी काही टाकलं नव्हतं. तिचाही आवाजच होता.

"रायसा, रडू नकोस. माझं परस मोकळं पडलंय. सुरुंगवाल्यांनी मागच्या शरदात तपासलंय, माझ्याकडे कागद आहे. तिथं लाव. पण लावताना मला दाखवा. मी तिथली माती बघितली नाही कधीची."

त्यानंतर बांध फुटला.

"माझंही घ्या. किल्ली वार्वारा मावशीकडे." "आमचं पण, मागचं दार ढकललं की उघडतं, कुलूप नुसतं दिसायला आहे." "इन्ना बोलतेय, माझं घ्या, पण पिवळ्या पिओनींच्या फुलझाडांना हात लावायचा नाही!" "काकू, तुम्ही बिनडोक नाही. आम्ही वाचून गप्प बसलो." हे शेवटचं कुणी लिहिलं ते सांगत नाही, यादीतला एकजण होता.

दुपारपर्यंत सत्तावीस परसं झाली. सगळी तपासलेली, कारण सुरुंगवाल्यांनी आधी घरं आणि परसंच केली होती. फेदोस काका दुपारी आले ते घोडा आणि नांगर घेऊन. बाबा अजून मांडवात होते.

"ऊठ कुम. बायको देणगी देऊन मोकळी झाली, तू काय बसलायस?"

"सत्तावीस तुकड्यांत कलिंगड लावतात का कधी?" बाबा म्हणाले. "हे काय शेत आहे? ही भीक आहे."

"असेल. पण माझा घोडा उभा आहे आणि तो तुझ्यापेक्षा लवकर कंटाळतो."

बाबा उठले.

पुढचे नऊ दिवस मी जन्मात विसरणार नाही, म्हणजे माझी पाठ विसरणार नाही. परसं कसली, जंगलं. कमरेएवढं गवत, त्यात मोडकी खुर्ची, पत्रे, कुणाच्या तरी पोराचा एक बूट. आधी कोयत्यानं कापायचं, मग काकांचा घोडा, मग कुदळीनं खड्डे, मग प्रत्येक रोपाला दोन तांबे पाणी. पाणी विहिरीवरून, पिंपात, हातगाड्यावर. आई आणि वार्वारा मावशी गुडघ्यांवर बसून पेले फाडायच्या आणि रोपं मातीत ठेवायच्या. आईची नखं काळी ती शेवटपर्यंत काळीच राहिली.

बाबांना सगळ्यात जड गेलं ते कष्ट नाही. दुसऱ्याच्या फाटकातून आत जाणं जड गेलं. प्रत्येक फाटकाशी ते टोपी काढायचे, रिकाम्या घराला. आणि मालकांना व्हिडिओ लावून दाखवायचं म्हणजे तर शिक्षाच. त्यांना सवय फोन कानाला लावायची. क्लावा आजीला पहिल्या दिवशी तिच्या परसाऐवजी बाबांचा कान दिसला.

"जाखार, कानात केस वाढलेत तुझ्या," ती म्हणाली. "आता माती दाखव."

बाबांनी घाईघाईनं फोन समोर धरला, तोही उलटा.

इन्ना तर पोलंडातल्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. "उजवीकडे! उजवीकडे काका, माझी पिओनी!" बाबा कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "बाई, मी चाळीस वर्षं शेती करतोय." ती म्हणायची, "शेती करताय हो, फुलं कुठं केलीत कधी!" मागून तिची पोरं ओरडायची, "आमचा झोका आहे का? झोका दाखवा!" झोका होता. एका दोरीवर लोंबत होता. बाबांनी त्या दिवशी काम थांबवून दुसरी दोरी बांधली आणि माझ्यावर डाफरले, का तर मी बघत उभा होतो.

अकराशेपैकी आठशे चाळीस जगली. बाकीची उशिरा लागली म्हणून गेली. बाबांनी मेलेली मोजली नाहीत, पण कुठल्या परसात किती जगली ते त्यांना तोंडपाठ होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पंपघर चालू झालं. आमच्या परसातला नळ आधी खोकला, मग तपकिरी थुंकला, मग एकदम स्वच्छ धार लागली. वार्वारा मावशी तिच्या नळाखाली बादली ठेवून नुसती बघत उभी राहिली. भरून वाहिली तरी बंद करेना. आईनं पलीकडून ओरडून सांगितलं, "अगं बंद कर, बिल येईल!" मावशी म्हणाली, "येऊ दे गं." बाबांनी सगळं डोकं नळाखाली घातलं आणि त्याच पाण्याच्या पाइपनं पहिल्यांदा खांद्याला गाडा न लावता तीन परसं भिजवली. मग पाइप नीट गुंडाळून ठेवला. रात्री जेवताना आईच्या ताटात स्वतःच्या वाटणीची लोणच्यातली काकडी ठेवली. आमच्या घरात याच्यापुढे कुणी काही बोलत नाही.

इन्ना जुलैत आली, दोन्ही पोरांसकट. पिओनींचा बहर ओसरून गेला होता. एक वेल मात्र चुकून त्यांच्यात शिरला होता, त्यावरून तिनं बाबांना गल्लीभर ऐकू जाईल असं झापलं. बाबा खाली मान घालून ऐकत होते, आणि मला दिसत होतं, त्यांना बरं वाटत होतं.

ऑगस्टात वेल सुकायला लागले. कलिंगड पिकलंय की नाही हे आमच्याकडे डोळ्यांनी कुणी सांगत नाही. वाकायचं, बोटानं ठोकायचं, ऐकायचं. प्रत्येकाला वाटतं आपला कान गावात पहिला. बाबा आणि फेदोस काकांचं यावरून तीस वर्षं भांडण आहे.

त्या दिवशी आम्ही क्लावा आजीच्या परसात होतो. तिच्या छतावर अजून ताडपत्रीच, फाटक एका बिजागरीवर. पण परसात बेचाळीस वेल, आणि एक कलिंगड असं धरलं होतं की दोन हातांत मावेना. बाबांनी स्वतः व्हिडिओ लावला. आता त्यांना यायला लागलं होतं, फक्त बोलताना ओरडायचे, जर्मनी लांब म्हणून.

"क्लावा! हे तयार आहे! काढतो आणि तुझ्या नावानं वार्वाराला देतो!"

"थांब. ठोक."

"ठोकलंय मी."

"मला ऐकू दे. फोन खाली धर. अजून खाली, जमिनीला लाव. आता ठोक."

बाबा गुडघ्यांवर बसले. एका हातात फोन कलिंगडाला टेकवून, दुसऱ्या हाताचं बोट वाकवून ठोकलं. एकदा. दोनदा. फोनमध्ये क्लावा आजीनं डोळे मिटून कान पडद्याला लावला होता. आता आम्हाला तिचा कान दिसत होता.

"कच्चं आहे," ती म्हणाली.

"कच्चं? क्लावा, मी चाळीस वर्षं..."

"कच्चं आहे म्हणते ना. अजून पाच दिवस. आवाज बघ कसा वरवरचा येतोय. तुझा कान कधीच चांगला नव्हता, फेदोस म्हणतो ते खरंय. हात लावू नकोस त्याला."

"बरं. मग पाच दिवसांनी काढतो."

"तू नको काढू. मी काढीन."

बाबा थांबले. "तू? कशी?"

"कशी म्हणजे? हातांनी. बसनं यायला तीन दिवस लागतात." मागून तिची लेक काहीतरी बोलायला लागली, जोरात, घाबरलेल्या आवाजात. क्लावा आजी तिकडे न बघताच म्हणाली, "तू गप्प बस. कलिंगड फुटेल माझं," आणि फोन बंद केला.

बाबा तसेच गुडघ्यांवर. काळ्या पडद्याकडे बघत. मग त्यांनी परत एकदा ठोकलं, कान लावून. मान हलवली.

"पिकलेलं आहे," मला म्हणाले. "पक्कं पिकलेलं आहे. म्हातारीलाही कळलंय ते."

उठून त्यांनी कपडे झटकले, आजूबाजूचं गवत पायानं दाबून कलिंगडावर सावली होईल असं केलं आणि फाटकाकडे गेले. फाटक उचलून बघितलं, हलवून बघितलं. मग वर त्या ताडपत्रीकडे बघितलं.

"पाच दिवसांत छत होत नाही," म्हणाले. "फेदोसला बोलाव. आणि घरून बिजागरी आण, मोठी. दार तरी लागायला पाहिजे."